चिंधीत बांधलेलं पातं

उमरखेडीच्या आलिमाबीला तो तुकडा सापडला, तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं की आपल्या गादीच्या कामाला हा बरा पडेल.

उमरखेडी म्हणजे जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी टेकलेलं गाव. आलिमाबीचं घर पिंजाऱ्यांचं. सासऱ्याच्या काळी कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरावं लागायचं. आता घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायची मशीन होती. मशीन मुलगा मतीन चालवायचा आणि पिंजलेला कापूस भरून गाद्या-रजया शिवायचं काम आलिमाबीचं. हात असा बसलेला, की आजूबाजूच्या चार गावांतल्या लग्नाच्या गाद्या तिच्याकडेच यायच्या.

थंडीचे दिवस होते. रुखमाबाईच्या मळ्यातल्या खोलीवर एक रजई पोचती करून आलिमाबी धुऱ्याधुऱ्यानं, वावरांच्या बांधावरून, परत येत होती. तुरीच्या वावराच्या कडेला काळ्या मातीत काहीतरी तिरपं रुतलेलं दिसलं. ओढून काढलं तर दीडेक वीत लांब, चपटं, जरासा पीळ असलेलं धातूचं पान. अंगानं काळं, एका टोकाला पिवळा रंग दिलेला. दुसरं टोक मात्र मोडलेलं. एखाद्या ट्रॅक्टरमागच्या अवजाराचं असेल, असं म्हणून तिनं ते पदराखाली घेतलं आणि घरी आणलं.

गादी शिवताना खोळीचं कापड सरकू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर काहीतरी ठेवावं लागतं. हे पान त्याला अगदी बेताचं वजनदार होतं. फक्त मोडकं टोक कापडात अडकलं असतं, दोरे ओढले गेले असते. म्हणून तिनं त्या टोकावर कापसाचा पातळ थर ठेवला आणि वरून जुन्या चादरीची मऊ चिंधी घट्ट बांधून टाकली. वरवर कोरड्या फडक्यानं पुसलं आणि कामाला घेतलं. नंतर ते तिच्या इतकं हाताखालचं झालं, की ते कुठून आलं याचा विचारही तिनं पुन्हा केला नाही.

तो तुकडा सापडायच्या थोडेच दिवस आधी जामोदच्या पलीकडे एका हरभऱ्याच्या वावरात लहानसं विमान कोसळलं होतं. सगळा तालुका ते पाहायला लोटला होता. मतीनही मोटरसायकल काढून गेला होता आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ घेऊन आला होता. विमान चालवायला शिकणारी एक बुलढाण्याची पोरगी त्यात एकटीच होती. पोरगी वाचली, पण पायाचं हाड मोडलं, पाठीला मार बसला. पुढं दोन-तीन दिवस चौकात तीच चर्चा. पेपरात आलं, की शिकाऊ वैमानिकाच्या चुकीनं अपघात झाला असावा. मोबाइलवर तर लोकांनी त्या पोरीला नाही नाही ते सुनावलं. मग बाजार आला, कापसाची वेचणी आली, आणि ती गोष्ट मागं पडली. उमरखेडीपासून ते वावर चांगलं दूर. त्या विमानाचा आणि आपल्या हाताखालच्या पानाचा काही संबंध असेल, हे आलिमाबीच्या मनातही येण्याचं कारण नव्हतं.

मग एक दिवस सकाळी गावचा कोतवाल इंद्रभान शेडमध्ये आला. त्यानं मशीन बंद करायला लावली आणि मोबाइल समोर धरला.

"मतीन, भाभी, हे पाहा बरं. असं काही कोठं दिसलं का? दिल्लीहून विमान अपघाताच्या तपासाचे साहेब आले हायेत. शाळेत बसेल हायेत. त्या पोरीच्या विमानाचा जो समोरचा पंखा असते ना, त्याच्या एका पात्याचा शेंडा गायब हाय म्हन्तेत. तो इकडंच कोठं तरी पडला असन असा त्यायचा हिशेब हाय."

मोबाइलमध्ये दुसऱ्या, शाबूत पात्याचा फोटो होता. काळं अंग, पिवळं टोक. आलिमाबीचा सुईचा हात जागीच थांबला. तिनं मतीनकडे पाहिलं. मतीनची नजर खोळीच्या कोपऱ्यावर गेली होती. पुढच्या क्षणी त्यानं बाजूचा कापसाचा ढीग पायानं त्यावर सारला.

"नाही पाह्यलं, इंद्रभानकाका," तो म्हणाला.

"बरं. दिसलं तर सांगजा. ते लोक किती दिवसापासून तुरीत फिरून राह्यले, बाप्पा. एक धुरा सोडला नाही. एका पोरीसाठी."

इंद्रभान पुढच्या घरी गेला. मतीननं मशीन सुरू केली नाही. तो आईसमोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात बोलायला लागला.

"अम्मी, हे कोठून आनलं तू?"

"रुखमाबाईच्या मळ्याकडं जाते ना वाट, तिथं धुऱ्यावर भेटलं. मले काय माहीत हे विमानाचं हाय म्हनून."

"तुले माहीत नव्हतं, हे तू मले सांगून राह्यली. त्यायले कोन सांगन? सरकारी सामान घरात ठेवलं, वापरलं, म्हन्तीन चोरलं. आपल्यासारख्यायचं कोन आयकते? मी आताच जाऊन मांगच्या इरीच्या पान्यात टाकून येतो. कोनाले पत्ता बी लागनार नाही."

"नोको टाकू."

"काऊन?"

 आलिमाबीनं कापूस बाजूला केला, ते पान मांडीवर घेतलं आणि चिंधीची गाठ चाचपत बसली. इंद्रभानचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. एका पोरीसाठी दिल्लीची माणसं तुरीच्या वावरात फिरून राहिली होती. पोरगी वाचलेली होती. मग काय शोधत होते ते? तर असं का झालं, हे.

तिचा नवरा मेहबूब बऱ्याच वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या घाटात गेला होता. लग्नाच्या गाद्या पोचवून मोटरसायकलवर परत येत होता. वळणावर रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. कागदावर लिहिलं गेलं, अज्ञात वाहनाची धडक. त्यापुढं काही निघालं नाही. आलिमाबी भावाला घेऊन दोन-तीनदा विचारायला गेली होती. कोणाला पकडा म्हणून नाही. तिला फक्त ते कसं झालं, एवढं हवं होतं. तो आपल्या बाजूनं होता का? त्याला कोणी पाणी पाजलं का? उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मग नात्यागोत्यातलेच म्हणायला लागले, झोप लागली असेल, जोरात चालवत असेल. मेहबूबनं जन्मात कधी गाडी जोरात चालवली नव्हती. पण हे ती कोणाला पटवणार? लोक म्हणत गेले, ती ऐकत गेली, आणि कधीकधी तर तिच्याही मनात यायचं की असेलही बाई, झोप लागली असेल. तसं मनात आलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

"त्या पोरीले बी लोक असेच म्हनून राह्यले असतीन," ती शेवटी म्हणाली.

"कोन्या पोरीले?"

"विमानाच्या." तिनं ते पान तसंच चिंधीसकट पदरात गुंडाळलं आणि उठली. "मी शाळेत जाऊन येते."

"अम्मी, तुले समजत काऊन नाही?"

"तू नोको येऊ. म्या उचललं, मीच सांगीन."

मतीन तिच्या मागं शेडच्या दारापर्यंत आला. नंतर चपला घालून, चार पावलं मागं राहून, चालायला लागला.

शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं होतं. त्यावर नकाशे पसरले होते आणि वारा लागू नये म्हणून त्यांवर दगड ठेवले होते. टेबलाशी दोघं होते. एक जीन्स घातलेली हिंदी बोलणारी तरुण बाई आणि एक चाळिशी ओलांडलेला माणूस. आलिमाबीनं मनात कडक कपड्यातला साहेब धरला होता. या माणसाचे बूट मातीनं भरलेले होते, बाहीला तुरीची वाळकी फुलं चिकटली होती, आणि उन्हानं नाक सोललं होतं. इंद्रभाननं त्याचं नाव सांगितलं, धम्मरत्न सरकटे. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, देऊळगाव राजाचे.

"या मावशी, बसा," तो म्हणाला. "आधी पाणी घ्या."

आलिमाबी बसली नाही. बसली तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. तिनं पदर सोडून ते पान टेबलावर ठेवलं.

"हे मले धुऱ्यावर भेटलं, साहेब. तुमचं हाय हे मले माहीत नव्हतं. मी गाद्या शिवते, तर कापड दाबाले घेतलं. पोराचा याच्यात काही गुन्हा नाही. त्याले इचारू नका, जे इचारायचं ते मले इचारा."

 धम्मरत्ननं खिशातून हातमोजे काढून चढवले. पिवळ्या टोकावरून बोट फिरवलं. मग चिंधी पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. आता मोडकं टोक घासून गेलेलं निघणार, असं त्याला वाटलं असावं. पोरं सुतळी बॉम्बची वात सोडवतात, तितक्या हळू त्यानं गाठ सोडली. आतला कापूस चिमट्यानं उचलला. त्या तरुण बाईनं भिंग पुढं केलं. दोघंही वाकून पाहत राहिले. बाई हिंदीत हळूच काहीतरी म्हणाली. धम्मरत्ननं मान हलवली आणि खुर्चीत बसला.

"मावशी, ही चिंधी कोणी बांधली?"

"म्याच. खोळ फाटू नये म्हनून. चूक झाली का?"

"तुम्ही हे टोक धुतलं का? घासलं का?"

"नाही. वरून कोरड्या फडक्यानं पुसलं. टोकाले तं हातच नाही लावला, बोट कापलं असतं."

त्यानं हातमोजे काढले आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. आलिमाबीला वाटलं, आता हा रागावणार.

"मावशी, आम्ही जेव्हा इकडं यायला निघालो ना, तेव्हा माझी खरी भीती ही होती, की तुकडा सापडेल पण कामाचा राहणार नाही. दव पडतं, मातीत ओल असते, कोणी दगडावर आपटतं, कोणी कानशीनं घासतं. जिथून मोडलं तो भागच आम्हाला पाहायचा असतो. एका दणक्यात मोडलं का आधीपासून आतून चिरत आलं होतं, हे त्याच्यावर दिसतं. तुम्ही ते कापसात बांधून ठेवलं. दवाखान्यात जखम बांधतात तसं." त्यानं चिंधीकडे बोट दाखवलं. "आमच्या प्रयोगशाळेतनं माणूस आला असता तरी त्यानं याच्याहून वेगळं काही केलं नसतं."

मतीन व्हरांड्याच्या पायरीशी उभा होता. तो पुढं आला आणि खाली पाहत म्हणाला, "साहेब, इंद्रभानकाकाले मीच खोटं बोललो. अम्मी तं देऊनच राह्यली होती."

धम्मरत्ननं त्याच्याकडे पाहिलं. "घाबरला असशील."

"हाव."

"मीही घाबरलो असतो. आता बस इथं. हा तुकडा कुठं सापडला आणि कसा ठेवला होता, एवढं आम्ही लिहून घेऊ. ठाण्यात मी आत्ताच फोन करतो, की वस्तू सापडली आणि या घरानं ती सांभाळून आमच्या हवाली केली. तुमच्या दारात कोणी येणार नाही."

त्यानं फोन त्यांच्यासमोरच केला, मोठ्यानं, त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येईल असा. मतीन खाली फरशीवरच बसला. इंद्रभाननं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

नंतर जागा दाखवायला आलिमाबी त्यांच्याबरोबर धुऱ्यावर गेली. ती बाई फोटो काढत होती, फीत लावून अंतरं मोजत होती. धम्मरत्न तुरीच्या सावलीला आलिमाबीजवळ उभा राहिला. तिच्या मनात मघापासून एक गोष्ट घोळत होती.

"साहेब, आता ज्याची चूक निघन, त्याले सजा किती होईन?"

"ते आमचं काम नाही, मावशी."

"मंग?"

"आम्ही गुन्हेगार शोधत नाही. काय झालं, कसं झालं, ते शोधतो. म्हणजे तसं पुन्हा दुसऱ्या कोणाबरोबर होऊ नये. कोर्ट-कचेरी वेगळी. आमचं काम इथपर्यंतच."

"फक्त काय झालं, तेवढंच?"

"तेवढंच."

आलिमाबीनं समोरच्या डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माह्या मालकाच्या वेळेस असं कोनी आलं नाही."

धम्मरत्ननं तिच्याकडे वळून पाहिलं. दुसरा एखादा असता तर "अरेरे" म्हणून मोकळा झाला असता. त्यानं विचारलं, "काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. लोक तिला काय झालं ते सांगायचे, कोणी विचारायचं नाही. तिला सुरुवात कुठून करावी कळेना. मग तिनं त्या दिवशीच्या गाद्यांपासून सुरुवात केली. लाल खोळीच्या होत्या. मेहबूबनं जाताना चहा अर्धा टाकून दिला होता, कारण त्याला साखर जास्त झाली होती. तो घाटात नेहमी हॉर्न वाजवत वळायचा, लोक त्याला त्यावरून हसायचे. ती सांगत गेली. धम्मरत्न मध्येमध्ये एखादी गोष्ट विचारायचा. गाडी कोणत्या बाजूला पडली होती? रस्ता ओला होता का? दिवा फुटला होता का? ज्याचं उत्तर माहीत होतं ते तिनं दिलं, बाकीला माहीत नाही म्हणाली. तो प्रत्येक उत्तरावर थोडा थांबायचा, जसं काही ते त्याच्या कामाचंच होतं.

सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "त्याले झोप लागली असन का, साहेब?"

"मावशी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. इतक्या वर्षांनी, जागा न पाहता, गाडी न पाहता, मला काहीच सांगता येणार नाही. रस्त्याचं काम आमच्या खात्याकडं येतही नाही. पण एक सांगतो. झोप लागली होती, असं म्हणायलाही कोणाकडं काही आधार नाही. ज्यांनी म्हटलं त्यांनी उगाच म्हटलं. जे कोणी पाहिलं नाही, ते तुम्ही मानायचं काही कारण नाही."

आलिमाबीनं पदरानं डोळे पुसले. रडू दुःखाचं नव्हतं. खूप दिवस डोक्यावर धरलेला भारा कोणीतरी दुसऱ्या बाजूनं हात लावून खाली उतरवावा, तसं तिला झालं. परत येताना तिनं त्या दोघांना घरी नेलं. मतीनची बायको सबीहानं चहा केला, आणि आलिमाबीनं त्यात साखर बेतानंच टाकायला सांगितली.

निघताना धम्मरत्न हसत म्हणाला, "मावशी, तुमचं वजन आम्ही घेऊन चाललो. आता कापड कशानं दाबाल?"

"वरवंटा हाय ना," आलिमाबी म्हणाली.

ते पान एका डब्यात, फोममध्ये बसवून, चिंधी आणि कापसासकट दिल्लीला गेलं.

पुढं उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गावात कोणी कधी ती गोष्ट काढली तर मतीन आता स्वतःहून सांगायचा, की पातं आमच्या अम्मीनं दिलं. आलिमाबी नमाजानंतर आपल्या माणसांबरोबर आणखी दोघांची नावं घ्यायला लागली होती. एक धम्मरत्नसाहेबांचं, दुसरं त्या पोरीचं. पोरीचं खरं नाव तिला माहीत नव्हतं, म्हणून ती नुसतं "विमानवाली बेटी" म्हणायची.

तुरीला पुन्हा शेंगा धरल्या, त्या सुमाराला मतीनच्या मोबाइलवर दिल्लीहून फोन आला. मतीननं आवाज मोठा करून फोन आईपुढं धरला.

"मावशी, सरकटे बोलतो. अहवाल बाहेर आलाय, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही दिलेल्या तुकड्यावर सगळं स्पष्ट निघालं. पात्याच्या आत आधीपासूनच बारीक चीर होती. वरून दिसत नव्हती. उडता उडता ती वाढत गेली आणि शेंडा तुटून पडला. एका बाजूचं वजन गेलं, की इंजिन सगळं विमान हलवून टाकतं. अशा वेळी इंजिन लगेच बंद करायचं असतं. त्या मुलीनं तेच केलं आणि घरं टाळून मोकळ्या वावरात विमान उतरवलं. तिची काही चूक नव्हती. उलट तिनं जे केलं ते बरोबर होतं, असंच आम्ही लिहिलंय."

"अल्लाचा शुक्र हाय," आलिमाबी म्हणाली.

"अजून ऐका. तुकड्यावर काय आहे ते पाहिल्याबरोबर, अहवालाची वाट न पाहता, आम्ही सगळीकडं कळवलं होतं की या जातीची पाती काढून तपासा. त्यात आणखी दोन विमानांच्या पात्यांत तशीच चीर सापडली. दोन्ही रोज उडत होती, मावशी. शिकणारी पोरंच उडवत होती. ती पाती काढून टाकली."

 ती पोरं कोण, कुठली, हे आलिमाबीला कधी कळणार नव्हतं. त्यांनाही ती कधी कळणार नव्हती. कोठल्या तरी घरांत आज सकाळी नेहमीसारखा चहा झाला असेल, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"मावशी, ऐकताय ना?"

"हाव, आयकून राह्यली. साहेब, तुमी जेवले का?"

पलीकडं धम्मरत्न हसला. "जेवतो आता."

मग काही दिवसांनी, दुपार व्हायच्या आत, शेडसमोर एक गाडी थांबली. गाडीतून एक पोरगी उतरली, तिच्या मागून पांढऱ्या केसांचे वडील. पोरगी सावकाश चालत होती. एका पायावर जरा कमी भार देत होती. दारात येऊन ती थांबली.

"आलिमामावशी तुम्हीच का? मी दीपमाला. विमानातली."

आलिमाबीनं तिला वरून खालपर्यंत पाहिलं. मनात तिनं कोणी उंच, धीट बाई धरली होती. ही तर सबीहापेक्षाही लहान दिसत होती. तिनं दोन्ही हातांनी पोरीचं तोंड धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. दीपमाला काहीतरी पाठ करून आली असावी, पण ते सगळं तिथंच राहिलं. ती आलिमाबीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वडील बाजूला वळून मशीनकडे पाहत उभे राहिले. मतीननं त्यांना खुर्ची दिली.

आलिमाबीनं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हिरव्या तुरीच्या ताज्या दाण्यांची, सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत झालं. जेवताना दीपमाला हळूहळू बोलायला लागली.

"मावशी, मला त्या दिवसाचं सगळं नीट आठवत नव्हतं. फक्त ते हलणं आठवायचं. दात वाजत होते, समोरचे काटे दिसत नव्हते. दवाखान्यात पडल्या पडल्या मी मोबाइलवर वाचायची, पोरीला जमलं नाही, पोरीनं पाडलं. पप्पांनी मोबाइल काढून घेतला तरी डोक्यातून जात नव्हतं. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं की मी काहीतरी चुकीचं दाबलं असेल. मी स्वतःवरच विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं."

"मले माहीत हाय ते," आलिमाबी म्हणाली. "चांगलं माहीत हाय."

"सरकटेसरांनी सांगितलं, की तुमच्या घरी तो तुकडा नसता तर त्यांना पक्कं काही लिहिता आलं नसतं. कारण कळलं नाही, एवढंच लिहिलं असतं. मग मी आयुष्यभर तेच घेऊन बसले असते. तुमचे आभार कसे मानू, मावशी?"

"माहे कायले मानतं, बेटी? म्या तं खोळ फाटू नये म्हनून चिंधी बांधली." आलिमाबीनं तिच्या ताटात आणखी अर्धी भाकर वाढली. "आन खरं सांगू का, मीच तुले शुक्रिया म्हनाले पाह्यजे. तुह्यासाठी ते साहेब आले, आन माह्यासोबत धुऱ्यावर उभं राहून माह्या मानसाची गोष्ट त्यायनं सारी आयकून घेतली. तेवढं बी मले कोनी देल्लं नव्हतं. आता त्याची याद येते तं तो हॉर्न वाजवतच घाटातून येते. झोपेल नाही दिसत."

दीपमालाला ते सगळं समजलं की नाही कोण जाणे, पण तिनं जेवता हात थांबवून आलिमाबीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"पुन्हा बसली का विमानात?" सबीहानं विचारलं.

"दोनदा. सरांबरोबर. पुढच्या महिन्यात एकटी जाईन."

"भेव नाही वाटत?"

"वाटते," दीपमाला म्हणाली. तिचं बुलढाण्याचं बोलणं पोट भरल्यावर सैल झालं होतं. "पण आधी माझीच भीती वाटायची. आता नुसती विमानाची वाटते. तेवढी चालते."

जेवण झाल्यावर वडील आणि मतीन बाहेर बाजेवर बसले. नव्यानं भरलेली एक गादी शेडच्या कोपऱ्यात, वेचलेल्या कापसाच्या उबदार वासासकट, टाके घालायची राहिली होती. पाठ जरा दुखते म्हणून दीपमाला तिच्यावर टेकली. आलिमाबी शेजारी बसून टाके घालू लागली आणि रुखमाबाईच्या सुनेच्या बाळंतपणाची काहीतरी गोष्ट सांगत होती. मध्ये तिनं एक प्रश्न विचारला, तर उत्तर आलं नाही. पोरगी कुशीवर वळून झोपली होती. तोंड जरासं उघडं, एक हात गालाखाली.

वडील तिला बोलवायला दारात आले आणि तिथंच थांबले.

"अपघात झाल्यापासून दिवसा कधी झोपली नाही ती," ते हळूच म्हणाले. "रात्रीसुद्धा मध्येच दचकून उठते. घरी तिच्यासाठी महागाची गादी आणली, तिच्यावरही झोप लागत नाही तिला."

"झोपू द्या, भाऊ. घाई हाय का तुमाले?"

"नाही, काहीच नाही."

बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. मतीन मशीनचं बटन दाबायला आत आला, तेवढ्यात आलिमाबीनं हातानंच त्याला खूण केली.

"आज मशीन बंद ठेव," ती म्हणाली. "त्यायले सांग, उद्या या."

मतीननं गिऱ्हाइकाला बाहेरच गाठलं आणि हळू आवाजात समजावून परत पाठवलं. आलिमाबीनं सुईत नवा दोरा ओवला, आणि पोरीच्या पायाकडच्या बाजूनं, तिला धक्का लागणार नाही असे टाके घालत बसली.